‘काही होणार नाही’ म्हणण्यापूर्वी

केमोथेरपीसाठी प्रथमच रुग्णालयात निघालेल्या पत्नीला बहुतेक पती एकच वाक्य ऐकवतात, “काही होणार नाही तुला.” त्यामागचा जिव्हाळा खरा असतो. परंतु माझ्या परिचयातील सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी, यजमान औषधे आणावयास गेले असता, मला हळूच सांगितले, “हे असं म्हणाले की माझं बोलणंच खुंटतं. भीती वाटते, एवढं म्हणायलाही जागा उरत नाही.”

पुढे त्यांचे केस गळू लागले. केमोची सगळीच औषधे केस घालवीत नाहीत. जी घालवतात त्यांचा परिणाम बहुधा पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत दिसतो. यजमान रोज पहाटे, त्या जाग्या होण्याआधी, उशीवरचे केस गुपचूप वेचून टाकीत. बाईंना ते ठाऊक होते. दोघेही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत होते! अखेर एके सकाळी बाईंनीच कात्री पुढे केली, “अहो, तुम्हीच कापा.” मागच्या ओसरीवर बसून त्यांनी थरथरत्या हातांनी तो पांढरा अंबाडा उतरवला. ‘केस काय, पुन्हा येतील’ हे त्यांच्या ओठांवर आले होते, ते त्यांनी गिळले. उपचार संपल्यावर केस बहुधा येतातच; पण ती वेळ ते सांगण्याची नव्हती. त्या रात्री बाई प्रथमच मोकळेपणी बोलल्या. त्यांची भीती मरणाची नव्हती. यजमानांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ कोण सांभाळील, ही होती.

पत्नीच्या प्रत्येक बदललेल्या सुरामागे मनाचीच अवस्था असते असे मात्र समजू नये. मळमळ टाळण्यासाठी केमोबरोबर पुष्कळदा स्टिरॉइड देतात. त्यामुळे एक-दोन रात्री झोप उडते, चिडचिड होते आणि ते थांबताच गळून गेल्यासारखे वाटते. भिंतीवरच्या कॅलेंडरावर डोसाचा दिवस आणि नंतरचे वाईट दिवस खुणेने नोंदवावेत. पुढच्या डोसानंतर त्याच सुमारास ती करवादली, तर तो राग आपल्यावर नाही हे ध्यानात येते.

जेवणाचेही तसेच. तोंडाला धातूची चव येते, फोडणीचा वास सोसवत नाही. अशा वेळी “माझ्यासाठी दोन घास खा” ही विनवणी ओझे होते. गार दहीभाताला वास कमी. तो जवळ ठेवावा आणि ताटाकडे टक लावून बसू नये.

एका बाबतीत मात्र संयम नको. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक भरला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयाला तत्काळ फोन करावा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच मन रमेना, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तो उपचाराचाच भाग आहे.

ते यजमान आता संध्याकाळी एवढेच विचारतात, “आज काय जड गेलं?” बाई कधी सांगतात. कधी म्हणतात, “आज नको.” मग दोघे रेडिओ ऐकत बसतात, आणि साडेआठ वाजता त्या त्यांना गोळीची आठवण करतात.