हप्ता तुमचा, बोभाटा बिल्डिंगभर

प्रतीक्षानगरातल्या म्हाडाच्या एका इमारतीखाली परवा वॉचमनच्या खुर्चीला टेकून एक तरुण उभा होता. खांद्याला बॅग, हातात मोबाइल. येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने विचारत होता, ‘तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम कुठे भेटतील? पर्सनल लोनचे हप्ते थकलेत त्यांचे.’ मॅडम घरातच होत्या आणि त्याला ते ठाऊक होतं. पण वर जाऊन बेल वाजवण्यापेक्षा खाली बोभाटा केला की पैसे लवकर निघतात, हे त्याला कुणीतरी पढवून पाठवलं होतं.

घेतलेलं कर्ज फेडायचंच, त्यावर वाद नाही. पण वसुलीच्या नावाखाली माणसाची अब्रू चव्हाट्यावर आणायला रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकातच मनाई केली आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन नाही. धमकी नाही, चारचौघांत पाणउतारा नाही. घरचे, मित्र, फॉर्मवर ‘रेफरन्स’ म्हणून ज्यांची नावं दिली ते, यांपैकी कुणालाही त्रास नाही. (जामीनदाराचं वेगळं, त्याने सही करून जबाबदारी घेतलेली असते.) एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याला बँक किंवा वित्त कंपनीच जबाबदार.

‘पोलीस घेऊन येतो’ हे त्यांचं आवडतं वाक्य. नुसता हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. चेक किंवा ऑटो-डेबिट बाऊन्स झालं तर खटला होऊ शकतो, पण तो आधी नोटीस देऊन, कोर्टात. वॉरंट एजंटाच्या व्हॉट्सॲपवरून येत नसतं.

गिरणगावाने ही तऱ्हा फार पूर्वी पाहिली आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर काठी घेऊन उभे राहणारे पठाण सावकार लालबाग-परळच्या जुन्या लोकांनी ऐकून तरी माहीत असतात. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात, कर्जवसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणं गुन्हा ठरवा, अशी शिफारस केली. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने कर्जदाराचा पिच्छा पुरवणं, त्याच्या घराशी किंवा कामाच्या जागी रेंगाळणं यांना शिक्षा ठेवली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्यातही ते कलम आहे.

गोम इथेच आहे. हा कायदा बँकांना लागू नाही. आणि नेडुमपिल्ली फायनान्सच्या प्रकरणात मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांनाही राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. म्हणजे सावकार तुमच्या दाराशी घुटमळला तर गुन्हा, वित्त कंपनीचा एजंट घुटमळला तर फक्त परिपत्रकाचा भंग! धमकी दिली तर भारतीय न्याय संहिता आहे, पण वॉचमनजवळ उभं राहून गोड आवाजात केलेली बदनामी त्यात बसवताना हवालदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. रिझर्व्ह बँकेला चावता येत नाही असं नाही. हजारीबागेत ट्रॅक्टर-जप्तीच्या वेळी एक गरोदर स्त्री चिरडली गेली, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईच्याच महिंद्र फायनान्सची बाहेरच्या एजंटांमार्फत होणारी वसुली याच बँकेने थांबवली. जानेवारी २०२३ मध्ये ती बंदी उठली. पण ती घातली जाण्यासाठी एक जीव जावा लागला. १९४६ चं ते कलम वित्त कंपन्यांच्या एजंटांनाही लावणारा कायदा संसदेने करावा, ही माझी साधी मागणी आहे.

तोवर हाताशी आहे ते वापरा. एजंटाकडे आधी ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, दोन्हींचे फोटो काढा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाची वाट वेगळी, ती परळच्या पुरवठा भवनात जाते. आणि वैतागून कॉल लॉग मात्र पुसू नका.