उतारवयाचे दप्तर : बक्षीसपत्रात न लिहिलेले वाक्य

दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील अंगठ्याचे यंत्र म्हाताऱ्या माणसांना सहसा ओळखत नाही, हे आमच्या आळीतील एका काकूंबरोबर साक्षीदार म्हणून गेलो त्या दिवशी प्रथम माझ्या ध्यानात आले. पन्नास वर्षे भांडी घासून आणि भाकऱ्या थापून ज्या अंगठ्याच्या रेषाच पुसट झालेल्या, तो काचेवर चार वेळा टेकवूनही ठसा उमटेना, तेव्हा यंत्रापाशी बसलेल्या मुलाने सरावाने सांगितले, "आजी, अंगठा जरा केसांतून फिरवा." काकूंनी तो फिरवला, तेलाचा अंश लागला, यंत्राची खात्री पटली, आणि यजमानांच्या पश्चात काकूंच्या नावे असलेले दोन खोल्यांचे घर त्यांच्या एकुलत्या चिरंजीवांचे झाले. आईबापांनी मुलाला राहते घर बक्षीस द्यावयाचे तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये पडते. स्थानिक अधिभार वगैरे निराळे. इतक्या स्वस्तात इतकी मोठी वस्तू हातची जाण्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

दस्ताचा मजकूर मी वाचला होता. तीस वर्षे महसुली कचेरीत दप्तर सांभाळून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला दस्त वाचल्याखेरीज सही करणे जमत नाही. मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, "नैसर्गिक प्रेमापोटी व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता" हे ठरीव शब्द, प्रत्यक्ष कबजा दिल्याची नोंद, सारे यथास्थित होते. जे नव्हते ते मात्र माझ्या नजरेतून निसटले, आणि मी साक्षीदाराच्या रकान्यात सही ठोकून मोकळा झालो. लिहून घेणाराने लिहून देणारीस तहहयात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पुरवावा, या अटीवर हे बक्षीस दिले आहे, एवढे एकच वाक्य त्यात नव्हते.

या एका वाक्याचे मोल किती, हे समजण्यासाठी 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाचे कलम 23 पाहिले पाहिजे. हा कायदा महाराष्ट्रात 2009 च्या मार्चपासून अमलात आला आणि त्याखालील राज्याचे नियम 2010 साली झाले. साठ वर्षे पुरी झालेल्या माणसाने, कायदा अमलात आल्यानंतर, आपल्या मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर मिळकत दुसऱ्याच्या नावे केली आणि घेणाराने त्या भागविण्यास नकार दिला वा कसूर केली, तर ते हस्तांतरण कपटाने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दडपणाखाली झाले असे मानून, देणाराची तशी इच्छा असल्यास, न्यायाधिकरणाला ते रद्द ठरविता येते. दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात जे वय उरलेले नाही, त्या वयाला संसदेने दिलेले हे असामान्य हत्यार आहे. पण त्याची धार "अटीवर" या एका शब्दात आहे. ही अट सिद्ध झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट केले. पुढे 2025 च्या जानेवारीत मध्यप्रदेशातील एका मातेच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने कलमाचा उदार अर्थ लावून बक्षीसपत्र रद्द केले हे खरे. परंतु तेथेही मुलाने आईला सांभाळण्याचे निराळे वचनपत्र लिहून दिलेले होते. कागद होता, म्हणून उदारता पोहोचली.

दस्त करताना ही अट सुचवली की बहुतेक मायबाप दुखावतात. पोटच्या पोरावर अविश्वास दाखवायचा काय, असे विचारतात, आणि हा प्रश्न विचारताना त्यांच्या कपाळावर जी आठी दिसते ती खोटी नसते. पण त्याच दस्तात पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस नगरपालिकेचा रस्ता, उत्तरेस तमक्याचा गोठा असे आपण तपशीलवार लिहितोच की! चतुःसीमा लिहिल्याने शेजाऱ्याचा अपमान होतो, असे आजवर कोणी म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही. माझे मत विचाराल तर मुळात हयातीत बक्षीसपत्र करूच नये. मृत्युपत्र करावे, कारण ते मरेपर्यंत बदलता येते. करायचेच झाले तर तहहयात राहण्याचा हक्क राखून आणि सांभाळाची अट घालून करावे. ज्याच्या मनात सांभाळायचे आहे त्याला ही अट लिहिल्याने कसलीही तोशीस लागत नाही.

तीन वर्षांनी काकू आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत आल्या. गुरुवारी दुपारी मी तेथे अर्ज लिहून देण्यास बसतो. मारहाण नव्हती, शिवीगाळही नव्हती. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की "आणू, आणू" म्हणत आठवडा जाई; निजायची जागा आतल्या खोलीतून पडवीत आली होती; आणि सूनबाई कामावर जाताना गॅसचे रेग्युलेटर काढून कपाटात कुलूपबंद ठेवी. कारण विचारता, तुमच्याच सुरक्षिततेसाठी, असे उत्तर मिळे. दुपारचा चहा प्यावासा वाटला तर काकू शेजारी जात. "रोज कसं जायचं हो?" एवढेच त्या मला म्हणाल्या.

निर्वाहाच्या अर्जाला दस्तातील अट लागत नाही. स्वतःच्या उत्पन्नातून वा मिळकतीतून निर्वाह होत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांपुढे, म्हणजे उपविभागीय अधिकारी ज्याचे पीठासीन अधिकारी असतात त्या न्यायाधिकरणापुढे, स्वतः वा संस्थेमार्फत अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा, फार तर 30 दिवस वाढवून घ्यावेत, असे कायदा सांगतो, आणि मधल्या काळासाठी अंतरिम रक्कम देवविता येते. हुकूम मोडला तर एक महिन्यापर्यंत कैदही आहे. मुलगी विवाहित असली तरी जबाबदारीतून सुटत नाही; हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जुन्या फौजदारी संहितेखाली 1987 सालीच, तेही महाराष्ट्रातल्याच एका पित्याच्या अर्जावरून, प्रस्थापित केले होते. फक्त रकमेची कमाल मर्यादा महिना 10,000 रुपयांवर अडकून राहिली आहे. ती उठविणारे विधेयक 2019 साली लोकसभेत मांडले गेले आणि त्या लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. औषधांच्या किमतींनी मात्र अशी कोणतीही मर्यादा मानलेली नाही.

लातूर जिल्हा परिषदेने काही वर्षांपूर्वी आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते आईबापांच्या खात्यात भरण्याचा ठराव केला, तेव्हा त्याचे पुष्कळ कौतुक झाले. मीही केले. तथापि पगार कापला जाण्यासाठी मुलगा पगारदार असावा लागतो आणि आईने तक्रार करावी लागते. पैकी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे, हे गुरुवारच्या त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही. 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आम्ही खोलीच्या दारावर ठळक रंगविला आहे. तो टिपून घेणारे पुष्कळ. पण शेजारीणबाईंसाठी हवाय, असे बहुतेकजण न विचारता सांगतात. पोलिस ठाण्यांनी हद्दीतील एकाकी वृद्धांची यादी ठेवावी, अशीही व्यवस्था आहे. मुलाच्याच घरात एकाकी असलेल्या बाईचे नाव त्या यादीत कोण घालणार?

काकूंना मी घर परत मागण्याविषयीही विचारले. दस्तात अट नसल्याने ते प्रकरण लंगडे होते, पण अन्य काही कागद सापडला असता तर प्रयत्न करता आला असता. त्यांनी मान हलवली. घर त्याचेच राहू दे म्हणाल्या, गोळ्यांपुरते पैसे मिळावेत आणि ते रेग्युलेटर जागेवर असावे. तेव्हा निर्वाहाचाच अर्ज लिहायला घेतला. अर्जदाराच्या जागी त्यांचे नाव घातले, जाबदाराच्या जागी चिरंजीवांचे, आणि मजकुरात "जाबदार यांनी अर्जदाराचा सांभाळ करण्यास नकार दिला" असे लिहून त्यांना वाचून दाखविले.

"नकार नाही हो दिला त्यानं," काकू म्हणाल्या. "तेवढा शब्द काढा."

तो शब्द काढला तर अर्ज पोकळ होईल, हे त्यांना कसे सांगावे अशा विवंचनेत मी कायद्याची प्रत पुन्हा उघडली. नकार किंवा हयगय, अशा आशयाची शब्दयोजना तेथे होती. मी पहिला शब्द खोडून दुसरा लिहिला आणि वाक्य पुन्हा वाचले.

"हयगय चालेल," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "हयगय होते माणसाकडून."

चष्मा नाकावर सरकवून त्यांनी सावकाश, शाळेत शिकल्यासारखी अक्षर न् अक्षर जुळवून सही केली. या खेपेस अंगठा लागला नाही.

– सेवानिवृत्त