मुंबई-गोवा एका तासात?

मुंबईहून गोवा आता तास-सव्वातासावर आला, हे वाक्य जत्रेचे दिवस जवळ आले की आमच्या कानी हमखास पडते. बोलणारे सद्गृहस्थ बहुधा देवस्थानचे महाजनच असतात आणि वाक्य उच्चारताना त्यांच्या मुद्रेवर असा संतोष झळकतो, की जणू विमान त्यांनीच हाकले. आमचे भांडण विमानाशी नाही, ह्या वाक्याशी आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून दाबोळी सरळ रेषेत सुमारे ४२५ किलोमीटर. जानेवारी २०२३ पासून मोपा येथूनही प्रवासी विमाने ये-जा करू लागली. ते अंतर सुमारे ३८५. म्हणजे कागदावर गोवा ४० किलोमीटर जवळ आला! पण कोणाच्या? पेडण्याच्या मनुष्याच्या, हे मान्य. मडगावकरास मात्र दाबोळीहून घर पंचवीसेक किलोमीटर, तर मोपाहून साठाच्याही पलीकडे. आणि आमच्या दैवतांचे काय? सोळाव्या शतकातील छळामुळे ती फोंड्याच्या डोंगरांत गेली. विमानतळाची सोय पाहून गेली नाहीत. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले, त्यांच्या भक्तास मोपाहून उलट सारा उत्तर गोवा ओलांडावा लागतो.

वेळापत्रकातला सव्वा तास म्हणजे विमान एका तळावरील जागा सोडते तिथपासून दुसऱ्या तळावर थांबते तोवरचा काळ. आकाशात ते जेमतेम पाऊण-एक तास असते. गिरगावातून निघणे, तपासणीच्या रांगा, सामानाची प्रतीक्षा आणि मग मोटार, हे सर्व धरले तर कवळ्यास पोहोचेपर्यंत पाच-सहा तास सहज जातात. जून २०२३ पासून वंदे भारत गाडी आठ तासांच्या आत मडगावास आणते. तेव्हा वाचतात ते दोन-तीन तास, सात नव्हेत.

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ साली सुरू केला. भारताच्या नाकेबंदीमुळे तेथून विमान मुंबईस न जाता कराचीस जाई, तिप्पट दूर! मुंबईचे ४२५ किलोमीटर तेव्हाही तेवढेच होते, पण गिरगावातल्या भावास साष्टीतील बहीण दिसत नव्हती. डिसेंबर १९६१ नंतर ते अंतर जणू पुन्हा अस्तित्वात आले. अंतर राजकारणाने वाढते, तसे ते निष्काळजीपणानेही वाढते. गेल्या वर्षी आमच्या एका वृद्ध मावशींस नातवाने 'गोवा' एवढेच पाहून मोपाचे तिकीट काढून दिले. मंगेशीस पोहोचल्या तेव्हा आरती होऊन गेली होती. त्या रागावल्या नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले.

एकच विमानतळ पुरे, दाबोळीची गरज काय, असे म्हणणारेही आता भेटतात. त्यांनी आपल्या मातोश्रींस मोपावर उतरवून काणकोणापर्यंत मोटारीने न्यावे आणि मग बोलावे.

महाजनमंडळींकडे आमचे मागणे लहान आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'गोवा विमानतळ' असे मोघम छापू नये. दाबोळी की मोपा हे लिहावे. तिकिटावर पहिल्याची खूण जीओआय आणि दुसऱ्याची जीओएक्स असते, तीही द्यावी. आणि तेथून देवळाच्या पायरीपर्यंत मोटारीस किती वेळ लागतो, तो प्रत्यक्ष एकदा जाऊन, घड्याळ लावून मोजावा.