पालकांना कळविण्यात येते की...

जून महिना उजाडला की खाजगी विनाअनुदानित शाळांची परिपत्रके घरोघर पोचू लागतात. पूर्वी ती सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर मुलांच्या दप्तरातून येत, आता पालकांच्या मोबाइलवर येतात. भाषा मात्र तीच राहिली आहे. 'पालकांना कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मग गणवेशाचा रंग, बसची वेळ, दहावीच्या निकालाचा डांगोरा, स्नेहसंमेलनाची तारीख, आणि सर्वांत शेवटी नव्या वर्षाचे शुल्क व ते भरण्याची मुदत. मराठी व्याकरणातील कर्मणी प्रयोगाचा इतका धूर्त उपयोग सरकारी कचेऱ्यांखेरीज अन्यत्र क्वचितच होत असेल. कळविण्यात येते, ठरविण्यात आले आहे, आकारण्यात येईल. कोणी ठरविले, कोणत्या बैठकीत ठरविले, आणि ज्याच्या खिशातून पैसा जाणार त्याचा त्या बैठकीत आवाज होता की नाही, याचा पत्ता त्या वाक्यात लागत नाही.

वस्तुतः महाराष्ट्रात हा प्रश्न संस्थाचालकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. देणग्या उकळण्यास बंदी घालणारा कायदा १९८७ सालचा आहे. त्याने देणगी कितपत थांबली आणि कितपत पावतीविना घेतली जाऊ लागली, हे मुलाच्या प्रवेशासाठी खेटे घातलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पुढे पालकांनी बराच काळ आरडाओरड केल्यावर शुल्काचे नियमन करणारा २०११ चा अधिनियम आला व २०१४ मध्ये तो अंमलात आला. या कायद्यानुसार शाळेतील प्रत्येक पालक पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो. संघाची कार्यकारी समिती सोडत काढून निवडावी लागते. व्यवस्थापनाने पुढील वर्षाच्या शुल्काचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, हिशेबाच्या कागदपत्रांसह या समितीपुढे ठेवायचा असतो. मान्य झालेले शुल्क मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत सूचनाफलकावर लावायचे असते. समितीचा आकडा आणि व्यवस्थापनाचा आकडा यांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत पडली, तर निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाण्याची वाट व्यवस्थापनाला ठेवलेली आहे. म्हणजे जूनमध्ये पालकाच्या हाती पडणारी बातमी कायद्याप्रमाणे त्याला डिसेंबरातच ठाऊक असायला हवी. किंबहुना ती घडविण्यात त्याचा हात असायला हवा.

प्रत्यक्षात काय घडते? कित्येक शाळांत सोडत होते ती कामकाजाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, नोकरदार आईबापांपैकी कोणाला येता येणार नाही अशा बेताने. काही ठिकाणी ती होतच नाही. मुख्याध्यापकांच्या परिचयाचे चार सद्गृहस्थ समितीचे सभासद म्हणून जाहीर होतात आणि त्यांनाही आपण सभासद आहोत हे फोटो काढण्याच्या दिवशी कळते. समितीचे अध्यक्षपद कायद्यानेच मुख्याध्यापकाकडे आहे आणि शिक्षकही तिचे सभासद आहेत. परंतु ज्या शिक्षकाची नोकरी व्यवस्थापनाच्या हाती, त्याने व्यवस्थापनाच्या प्रस्तावाविरुद्ध हात वर करावा, अशी अपेक्षा करणे हा एक क्रूर विनोद होय. शुल्कवाढीचे कारण म्हणून परिपत्रकात शिक्षकांच्या वेतनाचाच दाखला दिला जातो. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ पासून या राज्यात आहे, तरीही एका रकमेवर सही करून दुसरी, कमी रक्कम घरी नेणाऱ्या शिक्षकांची तक्रार जुनी आहे आणि ती दबक्या आवाजातच केली जाते. पालकाने वाढीव शुल्क भरले आणि शिक्षकाला ते मिळाले नाही, तर मधली रक्कम गेली कोठे? हा प्रश्न पालक आणि शिक्षक यांनी एकत्र बसून विचारावयाचा आहे. संघाच्या नावातच ते दोघे शेजारी बसलेले आहेत. सभेत मात्र त्यांना समोरासमोर बसविले जाते.

मूळ कायद्यात दाद मागण्याची वाट संस्थाचालकांनाच होती, पालकांना नव्हती. २०१८ साली विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि पालकांना ती दिली. पण शाळेतील २५ टक्के पालकांनी एकत्र तक्रार केली तरच ती चालेल अशी मेख मारून ठेवली. १,२०० मुलांच्या शाळेत ३०० पालक गोळा करावयाचे. हे पालक एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची नावे व पत्ते एकट्या शाळेजवळ आहेत. शिवाय प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती असते : आपले मूल उद्या त्याच वर्गात बसणार आहे. एकट्या भाडेकरूला घरमालकाच्या विरोधात दाद मागता येते, एकट्या कामगाराला मजूर न्यायालयात जाता येते. एकट्या पालकाला मात्र आधी कोरम भरावा लागतो. न्याय मागण्यासाठी गर्दी जमविण्याची ही अट कोणाच्या सोयीसाठी घातली गेली असेल, हे सांगावयास नको.

संघटित झाल्यावर काय होऊ शकते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. टाळेबंदीच्या काळात शाळांच्या इमारती बंद होत्या, प्रयोगशाळा व मैदाने ओस होती, तरी शुल्काची मागणी पूर्ण होती. राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न वापरलेल्या सोयींपोटी शुल्कात १५ टक्के कपात करावी असा निर्णय दिला. महाराष्ट्र सरकारने तशीच कपात २०२१-२२ या वर्षासाठी जाहीर केली ती १२ ऑगस्ट २०२१ रोजी, आणि तीही पालकांच्या गटांनी रस्त्यावर व न्यायालयांत तगादा लावल्यानंतर. ज्या शाळांनी ही कपात दिली त्यांपैकी कितींनी तिची बातमी पहिल्या परिपत्रकात छापली, याचा शोध कोणी घेतला तर तो उद्बोधक ठरेल.

पण शुल्क ही काही एकमेव दडविलेली बातमी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. २० ऑगस्टला संतप्त पालक व नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि कित्येक तास गाड्या थांबल्या. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून हाती घेतले. शाळेने पोलिसांना कळविले नाही आणि पोलिसांनी तक्रार नोंदवून घेण्यात दिरंगाई केली, याबद्दल न्यायालयाने कडक शब्दांत विचारणा केली. बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा स्पष्ट सांगतो की, अशा गुन्ह्याची माहिती मिळताच ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडविली तर तो स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. प्रत्येक शाळेत सखी-सावित्री समिती असावी असे शासनाने २०२२ मध्येच फर्माविले होते. ती समिती किती शाळांत कागदाबाहेर आली होती? बदलापूरनंतर कॅमेऱ्यांचे आणि तक्रारपेट्यांचे आदेश निघाले, ते योग्यच आहेत. मात्र कॅमेरा संस्थेच्या कचेरीत चित्र दाखवितो. तेथे काय दिसले हे पालकांना सांगण्याची रीत ज्या शाळेत नाही, तिथे तो संस्थेच्या अब्रूचीच राखण करणार. 'शाळेचे नाव खराब होईल' या चार शब्दांनी या राज्यात किती पालकांची तोंडे बंद केली आहेत, याची मोजदाद कधीच होणार नाही.

आणखी एक बातमी आहे, जी शुल्क भरणाऱ्या पालकाला बहुधा कळवलीच जात नाही आणि कळली तरी तो तिच्याकडे पाठ फिरवितो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ही तरतूद वैध ठरविली. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र तिच्यातून सुटल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे केले. शहरांत अशी शाळा कोठे नसते? म्हणजे गरिबाच्या मुलाला महागड्या शाळेच्या दारातून परत पाठविण्याचा हा सरकारी परवानाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. या झटापटीत त्या वर्षीच्या मुलांचे प्रवेश अडकून पडले. शाळा जूनमध्ये भरल्या. ती मुले दाराबाहेर होती.

त्या काळात शुल्कवाढीविरुद्ध मोर्चे काढणारे पांढरपेशा पालक कोठे होते? काही थोडे सोडले तर ते गप्प होते, आणि काही तर 'या मुलांचा बोजा आमच्या शुल्कावर पडतो' हा संस्थाचालकांचाच युक्तिवाद पढत होते. शासनाकडून प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही, ही संस्थांची तक्रार खरी आहे, आणि थकबाकीचा जाब शासनाला विचारलाच पाहिजे. पण त्या थकबाकीचा राग सहा वर्षांच्या मुलावर काढण्याचा अधिकार कोणाला नाही. वर्गात त्याला मागे बसविणे, सहलीची चिठ्ठी त्याच्या घरी न पाठविणे, 'उपक्रम शुल्क' या गोंडस नावाखाली त्याच्या आईकडून पैसे मागणे, या गोष्टी परिपत्रकात कधी येत नाहीत. त्या माउलीला स्नेहसंमेलनाचे निमंत्रण आले तरी ते ज्या इंग्रजीत असते, ते तिला शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागते.

विसंगती अशी की, जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घालणाऱ्या शेतमजुराला कायद्याने यापेक्षा मोठा अधिकार दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत जी व्यवस्थापन समिती असते, तिच्यातील तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर व मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर देखरेख करणे हे तिचे कर्तव्य. विनाअनुदानित शाळांना ही तरतूद लागूच नाही. हजारो रुपये मोजणारा पालक शाळेत ग्राहक होतो, आणि ज्याने एक पैसा मोजलेला नाही तो निदान कागदावर तरी शाळेचा कारभारी असतो.

महाराष्ट्रात 'खाजगी शाळा' या शब्दांचा अर्थ नेहमी असा नव्हता. १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले ते सरकारी तंत्राबाहेर राहता यावे म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ पासून लोकांनी घातलेल्या मूठमूठ धान्यावर उभी राहिली. त्या धान्याचा धनी गाव होता. १९८३ नंतर विनाअनुदान धोरणाने उच्च शिक्षणाचे दरवाजे भांडवलाला उघडले आणि शिक्षणसम्राटांची जी पैदास झाली, तिची नजर कालांतराने बालवाडीपर्यंत पोचली. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरातील सर्व थरांच्या मुलांसाठी समान शाळेची शिफारस केली होती आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक याच मातीतले होते, हे आज शिक्षणमंत्र्यांच्या भाषणांत फारसे ऐकू येत नाही.

समान शाळेची मागणी सोडून देण्याचे कारण नाही. ती पुरी होईपर्यंत मात्र वॉर्डातील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम भरपूर आहे. आपल्या भागातील प्रत्येक विनाअनुदानित शाळेच्या फलकावर कार्यकारी समितीची नावे व मान्य शुल्क लागले आहे काय, हे पाहावे. नसेल तर पालकांना घेऊन शिक्षणाधिकाऱ्याला लेखी विचारावे. २५ टक्क्यांतील मुलांच्या घरी जावे, त्यांच्या आयांना पालक संघाच्या सभेला नेऊन बसवावे, कारण शुल्क न भरताही त्या संघाच्या सभासद आहेत. शुल्क भरणाऱ्या पालकांना सह्यांसाठी माणसे कमी पडतात तेव्हा याच बाया उपयोगी पडतील, हेही त्यांना सांगावे. उदात्त युक्तिवाद जिथे पोचत नाही तिथे हा पोचतो. आणि हे सारे जूनमध्ये परिपत्रक हाती पडल्यावर करून भागणार नाही. पुढील वर्षाचा प्रस्ताव समितीपुढे ठेवण्याची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते.