निधी आपल्या नावाचा, हिशेब कुणाकडे?

मे 2025 मध्ये राज्य सरकारने सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले. आदिवासी विकास विभागाचा पैसाही असाच गेला. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. खात्याची गरज नसेल तर ते बंदच करा, इथपर्यंत ते बोलले. खात्याचा मंत्रीच हतबल असेल तर वस्तीतल्या माणसाने दाद कुणाकडे मागायची?

लाडक्या बहिणींमध्ये अनुसूचित जातीच्या बहिणी नाहीत का, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. आहेत ना! पण त्या या राज्याच्या नागरिकही आहेत. सगळ्यांसाठीच्या योजनेचा पैसा सगळ्यांच्या तिजोरीतून आला पाहिजे. विशेष घटक योजना 1979-80 पासून सुरू झाली ती याच कारणाने, की सर्वसाधारण योजनांचे पाणी गावकुसाबाहेर पोहोचत नव्हते. म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळा निधी ठेवण्याचे तत्त्व आले. तोच निधी पुन्हा सर्वसाधारण योजनेत ओतायचा, म्हणजे उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताने काढून घ्यायचे.

बुलढाणा जिल्ह्याला याची झळ जास्त बसते. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण 11.8 टक्के, तर आपल्या जिल्ह्यात सुमारे 18 टक्के. घाटावरच्या मेहकर-चिखलीचा असो की घाटाखालच्या नांदुरा-संग्रामपूरचा, पुण्यात किंवा संभाजीनगरात खोली करून शिकणारा पोरगा स्वाधारच्या हप्त्याची वाट पाहत मेसचे पैसे उसने घेतो. त्याच्यासाठी 410 कोटी हा नुसता आकडा नाही.

पण मित्रांनो, सगळा दोष मुंबईवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. जो निधी मुंबईहून निघून आपल्या गावापर्यंत येतो, त्याचे काय होते? अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे, म्हणजे जुनी दलित वस्ती सुधार योजना. वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे रक्कम ठरते, जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून मंजुरी येते, काम बहुतेक वेळा ग्रामपंचायत करते. कागद सगळा चोख. गैरव्यवहाराचे मार्गही गावोगाव तेच. रस्ता वस्तीच्या नावावर मंजूर आणि टाकला दुसऱ्याच गल्लीत. एकच नाली दोन योजनांत दाखवलेली. समाजमंदिराचे बिल निघाले, पण दार-खिडक्या बसल्याच नाहीत. मार्चच्या शेवटी निधी पडतो, मग घाईघाईत मोजमाप पुस्तिका भरली जाते आणि उपयोगिता प्रमाणपत्र जोडून प्रकरण बंद होते.

जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातील 20 टक्के आणि ग्रामपंचायतीने 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी त्या 15 टक्क्यांचे काय केले, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? त्यात जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. लोकनियुक्त समाजकल्याण समितीच नाही, तर सभागृहात फाईल मागणार कोण? खर्च करणारा आणि तपासणारा एकच झाला की हिशेब उरत नाही, उरतात फक्त सह्या.

आणखी एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. अण्णा भाऊ साठे यांच्या नावाचे महामंडळ मातंग समाजाच्या उभारीसाठी 1985 मध्ये स्थापन झाले. त्याच महामंडळात 300 कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप ठेवून 2015 मध्ये अटक झाली ती तत्कालीन अध्यक्ष रमेश कदम यांना, म्हणजे मोहोळच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या आमदाराला. न्यायालयाचा निर्णय न्यायालय देईल. आपल्यासाठी धडा एवढाच, की आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे आपला पैसा सुरक्षित झाला, असे नसते. प्रतिनिधित्व हवेच, पण प्रतिनिधीच्या डोक्यावर हिशेबाचा धाकही हवा.

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. रुपयाचा प्रश्न आणि प्रांतिक वित्तव्यवस्था यांवर ग्रंथ लिहिणारा हा अर्थतज्ज्ञ. 30 मे 1949 रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातील सर्वात महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले. कारण संसदेने ज्या कामासाठी पैसा मंजूर केला, तो त्याच कामावर खर्च झाला की नाही, हे त्याने पाहायचे असते. आपण बाबासाहेबांचे संविधान डोक्यावर घेऊन मिरवणूक काढतो. त्यातले हिशेबाचे कलम मात्र बासनात गुंडाळून ठेवतो.

आमची मागणी स्पष्ट आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्ये उपयोजनेचा कायदा केला, तेलंगणाने 2017 मध्ये. महाराष्ट्रानेही असा कायदा करून निधी वळवण्यास बंदी घातली पाहिजे. अर्थात कायदा झाला की झोपायचे नाही. कर्नाटकात कायदा असूनही हा निधी गॅरंटी योजनांकडे वळवला गेलाच. जागा राहणारा समाज नसेल तर कायद्यालाही पळवाटा फुटतात.

म्हणून काम गावापासून सुरू करू. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात वस्तीच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि उपयोगिता प्रमाणपत्र मागा. 2005 च्या या कायद्याने प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार दिला आहे. टेप घेऊन रस्ता मोजा, कागदाशी ताडून पाहा. ग्रामसभेत हा विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज एकट्याच्या नावाने टाकू नका. चार-पाच जणांनी मिळून टाका, म्हणजे दबाव एकावर येत नाही.

आणि हीच शिस्त स्वतःलाही लावू. जयंतीची वर्गणी, विहाराच्या बांधकामाचा निधी, शिबिराचा खर्च यांचा जमाखर्च पावतीसह विहाराच्या फळ्यावर लागला पाहिजे. ज्याचा फळा स्वच्छ, त्यालाच जिल्हा परिषदेच्या दारात ताठ मानेने उभे राहता येते. येत्या 14 एप्रिलला निळ्या झेंड्याखाली आपण लाखोंनी जमू. त्याआधी प्रत्येक वस्तीतून किमान एक अर्ज गेला पाहिजे.

जय भीम!