चामड्याचा धंदा आणि प्रयोगशाळेची वाट

विद्यापीठातले संशोधन मोठ्या कारखानदारांसाठी असते, आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना त्याचा काय उपयोग, असे आपले बरेच व्यापारी व कारागीर बांधव बोलून दाखवतात. हा समज कितपत खरा आहे हे पाहायचे असेल तर तामिळनाडूतील वाणियमबाडी व अंबूर या गावांकडे पाहावे. पालार नदीच्या खोऱ्यातील या गावांत चामडे कमावण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मुस्लिम घराण्यांच्या हाती आहे. मुंबईत धारावीचा चामड्याचा धंदा उभा करणाऱ्यांतही तामिळ मुस्लिम होतेच.

१९४८ साली मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. शेजारीच आजचे अण्णा विद्यापीठ आहे. चर्म तंत्रज्ञानाच्या पदवीचे विद्यार्थी विद्यापीठाचे, पण त्यांची तालीम या संस्थेत होते. पुढे हीच मुले टॅनऱ्यांत नोकरीला लागतात आणि आपल्याबरोबर प्रयोगशाळेची विद्या घेऊन जातात. डॉ. वाय. नायुडम्मा १९५८ मध्ये संचालक झाले. शास्त्रज्ञाने धंद्यातील माणसांची अडचण समजून घ्यावी, हे त्यांचे धोरण होते.

या नात्याची कसोटी १९९० च्या दशकात लागली. टॅनऱ्यांच्या सांडपाण्याने पालार नदी आणि विहिरी नासल्या, शेतकऱ्यांचे हाल झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने नागपूरच्या 'नीरी' संस्थेकडून पाहणी करून घेतली आणि ऑगस्ट १९९६ च्या निकालात प्रत्येक टॅनरीला दहा हजार रुपये दंड ठोठावला. सांडपाणी शुद्ध करा, नाहीतर कारखाना बंद, असा सवाल उभा राहिला.

एकट्या छोट्या टॅनरीला शुद्धीकरण यंत्रणा परवडणारी नव्हती. म्हणून अनेकांनी मिळून सामायिक यंत्रणा उभारल्या. संस्थेकडे क्रोम परत मिळवण्याची रीतही होती. चामडे कमावताना घातलेल्या क्रोमचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यात वाया जातो. त्या पाण्यात मॅग्नेशियम ऑक्साइड टाकले की क्रोम तळाशी बसते, ते आम्लात विरघळवून पुन्हा वापरता येते. म्हणजे नदीचे नुकसान थोडे कमी होते आणि मालकाचा पैसाही वाचतो.

आमचे म्हणणे असे की, हे ज्ञान कोर्टाचा बडगा येण्याआधीच सर्व कारखान्यांत पोहोचायला हवे होते. दोष दोन्ही बाजूंचा आहे. संशोधकांचे निबंध इंग्रजीत छापले जातात, उस्तादाच्या हाती पडत नाहीत. आणि आपला कारखानदार अडचण आल्याशिवाय प्रयोगशाळेची पायरी चढत नाही.

मग काय करावे? पहिली गोष्ट, एकट्याने न जाता धंद्याची संघटना करून जावे. चाचणीचा खर्च वाटून घेतला की हलका होतो. दुसरी, 'मदत करा' असे मोघम न सांगता नेमकी अडचण मांडावी : रंग कुठल्या धुलाईत उतरतो, चामडे कुठल्या हंगामात तडकते. तिसरी, करार कागदावर करावा. आपल्या घराण्याची कृती संशोधकाला दाखवण्याआधी गुप्ततेची अट लिहून घ्यावी, कारण एकदा जगजाहीर झालेल्या कृतीवर पेटंट मिळत नाही. निघालेल्या नव्या रीतीवर हक्क कोणाचा, हेही आधीच ठरावे.

विद्यापीठांनीही एक ध्यानात घ्यावे. हाताने चामडे चाचपून त्याचा कस सांगणारा कारागीर हा केवळ शिकवण्याचा माणूस नाही, त्याच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. त्याला मान आणि मोबदला दोन्ही मिळाले पाहिजेत.

आपल्या बांधवांनी मुलाला दुकानावर बसवण्याआधी आपल्याच धंद्याच्या तांत्रिक शिक्षणाला पाठवण्याचा विचार जरूर करावा. घरातलाच मुलगा प्रयोगशाळेची भाषा शिकून आला, तर पुढचा नियम किंवा पुढचा निकाल येण्याआधी तयारी करता येईल.