उष्णतेचा खरा हिशेब

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलें कीं तो सळसळून तापतो, हें गवंड्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. ती उष्णता आली कोठून आणि किती आली, हे दोन प्रश्न मात्र शाळेंतले आहेत. पैकीं पहिल्याचें उत्तर आमचे विद्यार्थी घडघडा म्हणून दाखवितात: नवे बंध जुळतांना सुटणारी ऊर्जा जुने बंध तोडण्यास लागलेल्या ऊर्जेहून अधिक असली, तर उरलेली उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते; कमी असली, तर भोंवतालची उष्णता ओढून घेतली जाते. उत्तर बरोबर आहे. परंतु 'किती?' असें विचारतांच वर्ग शांत होतो, आणि माझ्या मतें रसायनशास्त्र खरें तेथून सुरू होतें.

मोजण्याची रीत कठीण नाहीं. लिटरास एक मोल या प्रमाणाचें ५० घनसेंटिमीटर हायड्रोक्लोरिक अम्ल व त्याच प्रमाणाचा तितकाच कॉस्टिक सोड्याचा द्राव एका पेल्यांत मिसळावा, आणि आधींचें व नंतरचें उष्णतामान पाहावें. अशा क्रियेंत १ मोल पाणी बनतांना सुमारें ५७ किलोज्यूल उष्णता सुटते, असें पुस्तक सांगतें. येथें मोलाचा विसावा हिस्सा आहे. म्हणजे २८५० ज्यूल झाले. १०० ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास ४१८ ज्यूल लागतात. तेव्हां उष्णतामान ६.८ अंशांनीं चढावें. उघड्या पेल्यांत तें इतकें चढत नाहीं. पेला स्वतः तापतो, हवा आपला वांटा उचलते, ढवळणारी कांडीहि थोडें घेते.

तरीहि पुष्कळ वह्यांत ६.८ हाच आंकडा सुवाच्य अक्षरांत विराजमान झालेला दिसतो! मुलांना मी फारसा दोष देत नाहीं. पुस्तकाशीं जुळणाऱ्या उत्तरास पूर्ण गुण आणि खऱ्या वाचनास कमी, असा व्यवहार आपण वडील माणसांनींच रूढ केला आहे.

या संबंधांत लाव्हाझिए व लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. १७८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं बर्फ वितळवून उष्णता मोजण्याचें यंत्र वर्णिलें. त्यांत एक गिनिपिग ठेविला असतां दहा तासांत सुमारें १३ औंस बर्फ वितळलें. त्या प्राण्याच्या श्वासांतून निघालेल्या कर्बवायूवरून हिशेब करतां मात्र १० औंसांच्या आसपास वितळावयास हवें होतें. दोन्ही आंकडे त्यांनीं जसेच्या तसे छापले व तफावतीचीं आपणांस सुचलेलीं कारणें पुढें मांडलीं. देहांत कर्बाबरोबर हायड्रोजनचेंहि ज्वलन होतें, हें पुढें ध्यानांत आलें. पहिला आंकडा खोडून १० लिहिला असता, तर हा धागा कोणाच्या हातीं लागता?

१८४० त हेस यानें हीच सचोटी कामास लाविली. गंधकाम्लांत निरनिराळ्या प्रमाणांत पाणी घालून त्यानें तें अमोनियाशीं मिळविलें. पाणी घालतांना सुटलेली व नंतर सुटलेली उष्णता मिळून बेरीज प्रत्येक वेळीं सारखीच भरली. मार्ग कोणताहि असो, एकूण उष्णता बदलत नाहीं, हा त्याचा नियम. जी क्रिया पेल्यांत मोजतांच येत नाहीं, तिचीहि उष्णता आज याच्याच जोरावर काढतात.

म्हणून माझी सूचना अशी कीं, प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण खरें वाचन नोंदण्यास व उष्णता कोठें गळाली तें सांगण्यास असावे. पालकांस विनंति इतकीच: सुटीच्या दिवशीं मुलास लिंबाच्या रसांत खाण्याचा सोडा टाकावयास सांगावें. उष्णतामान चढण्याऐवजीं उतरतें. किती उतरलें, हें पाठ्यपुस्तकांत छापलेलें नाहीं. तें त्यालाच पाहून लिहावें लागेल. तापाचा थर्मामीटर मात्र या कामीं चालत नाहीं. प्रयोगशाळेंतला मागून न्यावा, मी देईन.